ब्रुनहिल्ड, फ्रेडेगुंड आणि फ्रँक राजांची भाऊबंदकी

सहाव्या शतकातल्या फ्रँक लोकांबद्दल (आजच्या फ्रान्सच्या आसपास राज्य करणाऱ्या जर्मॅनिक टोळ्या) काहीही वाचायला घ्या, दोन मिनिटांत ब्रुनहिल्ड आणि फ्रेडेगुंड या दोन राण्या हजर होतात. एकमेकींच्या जावा, एकीने दुसरीच्या बहिणीचा काटा काढला आणि मग पुढची कित्येक वर्षं नुसता सूड, विषारी सुरे, मारेकरी आणि शेवटी घोड्याच्या शेपटीला बांधून मारलेली म्हातारी राणी. व्हिडिओ बनवणाऱ्यांना तर आयतंच मटेरियल. मथळा पण ठरलेला असतो, जावाजावांचं वैर.

मला हा मथळा वाचला की चीड येते. गोष्टी खोट्या आहेत म्हणून नाही, बऱ्याचशा खऱ्या आहेत, पण त्या मथळ्यामुळे असं वाटतं की या दोन बायका नसत्या तर यांचे नवरे आणि दीर, म्हणजे ते चार राजे भाऊ, गुण्यागोविंदाने नांदले असते. यांच्या सासूसासऱ्यांच्या, आजेसासऱ्यांच्या काळात काय चाललं होतं ते बघा म्हणजे कळेल.

तर आजेसासरा म्हणजे क्लोव्हिस. यानेच रोमन सत्ता संपल्यावर गॉलचा (म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीचा थोडा भाग) बराचसा मुलूख एका हाताखाली आणला, आणि आणताना स्वतःच्या नात्यातले बाकीचे छोटे छोटे फ्रँक राजे एकेक करून संपवले. ५११ साली तो पॅरिसमधे वारला आणि राज्याच्या चार वाटण्या झाल्या, कारण मुलगे चार. थोरल्याला सगळं आणि बाकीच्यांना जहागिरी असला प्रकार नाही, चौघेही राजे, चौघांच्या चार राजधान्या, रॅंस, ऑर्लियाँ, पॅरिस, स्वासों. नकाशात बघितलं तर या चारही एकमेकींपासून फार लांब नाहीत म्हणजे भावांनी एकमेकांवर डोळा ठेवूनच मुक्काम केलेला.

५२४ मधे ऑर्लियाँवाला क्लोडोमर बर्गंडीच्या लढाईत मारला गेला. त्याची तीन लहान मुलं आजी क्लोटिल्डकडे पॅरिसला होती. आता नियमाने ही मुलं मोठी होऊन बापाचा वाटा मागणार, ते काही दोन काकांना, चिल्डेबर्ट आणि क्लोथार यांना, परवडणारं नव्हतं. त्यांनी आजीला निरोप दिला की मुलांना पाठव, त्यांना राजा करायचंय. तिने आनंदाने पाठवली. मग तिच्याकडे एक माणूस आला, त्याच्या एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात नागडी तलवार, बोल काय हवं.

कात्री का, तर या घराण्यातले राजे जन्मात केस कापत नसत. लांब केस म्हणजे राजाचं रक्त. केस कापले की तू राजा नाहीस, जा मठात. म्हातारी रागाच्या भरात बोलून गेली की राजे होणार नसतील तर केस कापलेले बघण्यापेक्षा मेलेले बरे. झालं. क्लोथारने दहा वर्षांच्या पुतण्याला तिथेच खाली पाडून सुरा खुपसला. सात वर्षांचा धाकटा दुसऱ्या काकाच्या पायाला मिठी मारून रडायला लागला, त्या काकालाही रडू फुटलं, म्हणाला सोड रे याला, हवं ते देतो, तर क्लोथार म्हणतो तूच मला यात ओढलंस आणि आता शब्द फिरवतोस, त्याला ढकल नाहीतर तूच मर. ढकललं. तिसरा मुलगा तेवढा पळवून नेला लोकांनी, त्याने पुढे स्वतःच्याच हाताने केस कापले आणि धर्माचा मार्ग धरला. पॅरिसजवळचं सँ-क्लू हे गाव त्याच्याच नावाचं. आणि क्लोथारने क्लोडोमरच्या विधवेशी म्हणजे त्याच मुलांच्या आईशी त्याआधीच लग्न करून टाकलेलं!

हा क्लोथार म्हणजे आपल्या दोन्ही राण्यांचा सासरा. बाकीचे भाऊ आणि त्यांचे वंश संपत गेले आणि ५५८ पासून हा एकटा सगळ्याचा मालक झाला. मधेच याचा मुलगा क्राम याने बंड केलं तर बापाने त्याला बायको आणि मुलींसकट एका झोपडीत कोंडून झोपडी पेटवून दिली. ५६१ मधे क्लोथार गेला, आणि पुन्हा मुलगे चार. पुन्हा चार वाटण्या.

सांगायचा मुद्दा हा की राण्या यायच्या आधीच हे घर असं होतं. यात दोन गोष्टी धरून ठेवा म्हणजे पुढचं सगळं समजतं. एक, राजाचा प्रत्येक मुलगा वारस, आई पट्टराणी असो की दासी. दोन, राजे तरुणपणीच मरतात, मुलं लहान असतात, आणि लहान राजा ज्याच्या ताब्यात त्याच्या हातात राज्य. मग राणीसाठी स्वतःचा मुलगा जिवंत असणं म्हणजे सगळं काही, आणि सवतीचा मुलगा जिवंत असणं म्हणजे टांगती तलवार. याला स्वभाव म्हणायचं का गणित?

बरं, चार भाऊ. कॅरिबर्ट पॅरिसला, गुंट्रमकडे ऑर्लियाँ आणि बर्गंडी, सिगिबर्टकडे पूर्वेकडचा भाग ज्याला पुढे ऑस्ट्रेशिया नाव पडलं, आणि धाकटा (आणि सावत्र) चिल्पेरिक स्वासोंला, त्याचा भाग पुढे न्यूस्ट्रिया. कॅरिबर्ट ५६७ मधेच गेला, त्याच्याही वाटण्या केल्या आणि त्या इतक्या चमत्कारिक केल्या की एकाची शहरं दुसऱ्याच्या मुलखात, कुणालाही आपल्या गावाला जायचं तर भावाच्या हद्दीतून जावं लागणार. पॅरिसबद्दल तर असं ठरलं की तिघांचं सामायिक, बाकीच्यांच्या परवानगीशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. भांडण लागावं म्हणून मुद्दाम वाटणी करायला बसवलं असतं तरी इतकी छान जमली नसती.

याच सुमारास सिगिबर्टने स्पेनच्या व्हिसिगॉथ राजाची, अथानागिल्डची मुलगी करून आणली. हीच ब्रुनहिल्ड. राजकन्या, शिकलेली, मोठा हुंडा. बाकी भावांच्या बायका म्हणजे दासी, नोकराण्या, असंच सगळं होतं त्यामुळे हे लग्न म्हणजे जरा इतरांना खिजवणंच होतं. चिल्पेरिकला ते झोंबलं. त्याने तिचीच मोठी बहीण गाल्स्विंथा मागितली, आधीच्या बायका सोडून देतो असं कबूल केलं, आणि लग्नानंतरची भेट म्हणून तिला पाच शहरं लिहून दिली, बोर्दो, लिमोज, काओर, बेआर्न आणि बिगोर. ही पाच शहरं लक्षात ठेवा.

आधीच्या बायका सोडणं वगैरे काही झालं नाही. फ्रेडेगुंड तिथेच होती. साध्या, बहुधा दासीच्या पार्श्वभूमीची बाई, पण चिल्पेरिकवर पक्की पकड. गाल्स्विंथाने तक्रारी केल्या, मग म्हणाली माझा खजिना ठेवून घ्या पण मला माहेरी जाऊ द्या. चिल्पेरिकने गोड बोलून वेळ काढला, आणि एका सकाळी ती बिछान्यात गळा दाबून मारलेली सापडली. थोडे दिवस रडारड करून राजाने फ्रेडेगुंडशी लग्न लावलं.

इथे सगळे सांगतात की ब्रुनहिल्डने सूडाची शपथ घेतली. असेलही, सख्खी बहीण होती शेवटी. पण कागदावर जे उरलंय ते बघा. ५८७ मधे, म्हणजे खुनानंतर सुमारे वीस वर्षांनी, आंदेलो इथे जो तह झाला त्यात काय आहे, तर गाल्स्विंथाची ती पाच शहरं आता ब्रुनहिल्डची, पैकी काओर लगेच आणि बाकीची गुंट्रम वारल्यावर. बहिणीच्या खुनाचा हिशोब शहरांमधे झाला आणि तो वीस वर्षं चालला! त्या काळात शहर म्हणजे कर, सैनिक आणि बिशप नेमायचा हक्क, आणि यासाठी सिगिबर्ट आणि चिल्पेरिक गाल्स्विंथा मरायच्या आधीपासूनच भांडत होते.

५७५ मधे चिल्पेरिक जवळजवळ संपला होता. सिगिबर्ट राईनपलीकडचं सैन्य घेऊन पॅरिसपर्यंत आला, ब्रुनहिल्ड मुलं आणि खजिना घेऊन पॅरिसमधे येऊन राहिली, चिल्पेरिक बायकोपोरांसकट टूर्नेच्या तटबंदीत अडकून बसला. त्याचेच सरदार फुटले आणि व्हित्री इथे त्यांनी सिगिबर्टला ढालीवर उचलून आपला राजा केला. आणि तिथेच दोन नोकर पुढे आले, काहीतरी सांगायचंय असं दाखवून, आणि दोन्ही बाजूंनी विष लावलेले सुरे मारले. माणसं फ्रेडेगुंडने पाठवलेली असं म्हणतात. मला हे पटतं, कारण आठवडाभरात तिचा नवरा आणि मुलं मेली असती, दुसरा काही मार्गच उरला नव्हता.

एका दिवसात फासे उलटले. ब्रुनहिल्ड पॅरिसमधे अडकली, सैन्य पांगलं. एका सरदाराने तिच्या पाच वर्षांच्या मुलाला, चिल्डेबर्टला, शहरातून गुपचूप बाहेर काढलं आणि नाताळच्या दिवशी त्याला ऑस्ट्रेशियाचा राजा जाहीर केलं. पोरगा वाचला म्हणून राज्य वाचलं. पण नीट बघा, पोरगा आईकडे नाही, सरदारांकडे गेला. ब्रुनहिल्डची पुढची सगळी लढाई खरं तर इथून सुरू होते आणि ती फ्रेडेगुंडशी नाहीये.

चिल्पेरिकने तिचा खजिना काढून घेतला आणि तिला रूआँला पाठवलं. आणि मग तिने (का त्याने?) जे केलं ते वाचून मी खुर्चीत सरळ झालो. चिल्पेरिकचा मुलगा मेरोव्हेक, पहिल्या बायकोचा, बापाने सैन्य देऊन भलतीकडे पाठवलेला, तो सरळ रूआँला गेला आणि आपल्या या विधवा काकूशी लग्न करून मोकळा झाला. लग्न लावलं रूआँच्या बिशपने, प्रेटेक्स्टाटसने, जो मेरोव्हेकचा धर्मपिता होता. रोमान्स म्हणून रंगवतात लोक. पण दोघांची परिस्थिती बघा ना, त्याला सावत्र आई फ्रेडेगुंडच्या मुलांपुढे आपला वाटा जाणार हे दिसत होतं आणि तिला मुलाकडे परत जायला कुणीतरी राजरक्ताचा पुरुष हवा होता. बाप धावत आला तर दोघं शहराच्या तटावरच्या एका लाकडी चर्चमधे जाऊन बसली. बापाने शपथ घेतली की देवाची इच्छा असेल तर वेगळं करणार नाही, मग बाहेर आल्यावर दोघांचे मुके घेतले, एकत्र जेवला आणि काही दिवसांनी मुलाला सोबत घेऊन निघून गेला. देवाची इच्छा नव्हती म्हणायची.

मेरोव्हेकचे केस कापले, पाद्री केला, मठात टाकला. तो पळाला, तूरला संत मार्टिनच्या चर्चमधे आसऱ्याला गेला, तिथला बिशप ग्रेगरी म्हणजे ज्याच्यामुळे आपल्याला हे सगळं माहीत आहे तोच. शेवटी ५७७ मधे घेरला गेल्यावर त्याने स्वतःच्या नोकराला सांगितलं की मला मार. अर्थात फ्रेडेगुंडनेच मारवला अशीही कुजबुज होती, ग्रेगरी तीही नोंदवतो. बिशप प्रेटेक्स्टाटसवर पॅरिसमधे खटला चालला, हद्दपार झाला, पुढे परत आला आणि ५८६ मधे त्याच्याच चर्चमधे त्याला सुरा मारला.

या ग्रेगरीबद्दल थोडं बोलायला हवं कारण फ्रेडेगुंडची जी राक्षसी प्रतिमा आहे ती बरीचशी त्याने केलेली. तो ५७३ मधे बिशप झाला तो सिगिबर्टच्या पाठिंब्याने, म्हणजे माणूस ब्रुनहिल्डच्या पार्टीचा, आणि लगेच दोन वर्षांत त्याचं शहर चिल्पेरिककडे गेलं. ५८० मधे तर त्याच्यावरच आरोप आला की राणी फ्रेडेगुंडचे बोर्दोच्या बिशपशी संबंध आहेत असं हा बोलत फिरतो. तीन वेगवेगळ्या वेदींवर प्रार्थना म्हणून शपथ घेऊन सुटला बिचारा. अशा माणसाने लिहिलेलं फ्रेडेगुंडचं वर्णन जसंच्या तसं गिळायचं का? आनंदीबाईच्या नावावर जसं आपण सगळं बिनदिक्कत खपवतो तसं तिथे फ्रेडेगुंडच्या नावावर खपलेलं आहे, दर खुनामागे तीच. आणि तरी ग्रेगरी इतका इरसाल लेखक आहे की त्याला आवडत नसलेली माणसंही त्याच्या लिखाणात जिवंत होतात.

चिल्पेरिकच घ्या. ग्रेगरी त्याला आपल्या काळातला नीरो आणि हेरोड (दोघंही क्रूर राजे म्हणून बदनाम) म्हणतो. पण हाच राजा लॅटिनमधे कविता करायचा, देवाच्या त्रैक्यावर स्वतःचा सिद्धांत लिहून बिशपांना वाचून दाखवायचा, आणि त्याने लॅटिन लिपीत चार नवी अक्षरं वाढवली! सगळ्या शहरांत हुकूम, पोरांना ही अक्षरं शिकवा आणि जुनी पुस्तकं घासून पुसून नव्या अक्षरांत लिहा. अर्थातच टिकलं नाही.

आणि फ्रेडेगुंड. ५८० मधे आमांशाची साथ आली. चिल्पेरिक आजारी पडून वाचला पण तिची दोन मुलं, डागोबर्ट आणि क्लोडोबर्ट, गेली. धाकटा आधी. त्या आधीच चिल्पेरिकने नवे जबर कर बसवले होते आणि लिमोजला त्यावरून दंगल झालेली. मुलं तापात असताना ही बाई नवऱ्याला म्हणते की गोरगरिबांचे तळतळाट आपल्या पोरांना खातायत, आपण कुणासाठी जमवतोय हेच कळत नाही, आणि स्वतःच्या शहरांच्या करवसुलीच्या वह्या आणून आगीत टाकते, मग नवऱ्याकडे वळून, थांबलास का, तुझ्याही टाक. त्यानेही टाकल्या. तरी मुलं वाचली नाहीत. मग तिने काय केलं तर नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा उरलेला मुलगा क्लोव्हिस, जो आता सगळं राज्य माझंच अशा गमजा मारायला लागलेला, त्याला पकडवलं, तो सुरा लागून मेला (आत्महत्या म्हणून सांगितलं) आणि त्याच्या आईचाही खून झाला. मुलांसाठी कर जाळणारी आणि सवतीचा मुलगा संपवणारी बाई एकच, वर्षही तेच, ग्रेगरीला त्यात विसंगती दिसत असेल, मला नाही दिसत. तिच्याकडे त्या क्षणी एकही जिवंत मुलगा नव्हता. या क्लोव्हिसचं प्रेत पुढे मार्न नदीत एका कोळ्याच्या जाळ्यात सापडलं, आणि त्याने ओळखलं कशावरून, तर लांब केसांवरून.

५८४ मधे चिल्पेरिकने मुलगी रिगुंथ हिची पाठवणी स्पेनला केली, तिथल्या राजपुत्राशी लग्न ठरलेलं. ५० गाड्या भरून सोनंनाणं आणि कपडे. सोबत जायला लोकांची घरंच्या घरं जबरदस्तीने उचलली, काही जणांनी तर निघताना मृत्युपत्रं करून ठेवली. वेशीतून बाहेर पडतानाच एका गाडीचा आस मोडला. पहिल्याच मुक्कामाला रात्री ५० माणसं १०० उत्तम घोडे घेऊन पसार. वाटेत रोज कुणी ना कुणी काही ना काही लंपास करत होतं. तुलूजला पोचेपर्यंत बातमी आली की राजा मेला, आणि मग तिथल्या सरदाराने उरलेला सगळा खजिना जप्त केला, लग्न बोंबललं. पुढे ही मुलगी आईकडे परत आली आणि दोघींची रोज भांडणं, मारामाऱ्या. एकदा आई म्हणाली की ये, तुझ्या बापाचे दागिने देते तुला, पेटी उघडून एकेक काढून दिले, मग म्हणाली दमले मी आता, तूच हात घालून घे. पोरगी वाकली तसं आईने झाकण मानेवर आपटून दाबून धरलं. डोळे बाहेर यायची वेळ आली तेव्हा दासी ओरडल्या आणि लोकांनी येऊन सोडवलं. काय बोलणार यावर.

चिल्पेरिक कसा मेला, तर शेल इथे शिकारीहून परतताना, अंधार पडलेला, घोड्यावरून उतरायला एका नोकराच्या खांद्यावर हात टेकवला आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन आधी काखेत आणि मग पोटात सुरा मारला. कुणी मारलं ते आजतागायत नक्की नाही. फ्रेडेगुंडवर आळ, ब्रुनहिल्डवर आळ. फ्रेडेगुंडने मारला हे मला अजिबात पटत नाही, तिच्या पदरात त्या वेळी फक्त चार महिन्यांचं पोर होतं, नवरा गेला तर तीच सगळ्यात आधी उघडी पडणार. सगळे पळून गेले. सेनलिसचा बिशप तीन दिवस भेटीसाठी तंबू टाकून ताटकळत बसलेला, भेट मिळाली नव्हती, त्यानेच मग प्रेताला अंघोळ घालून, चांगले कपडे चढवून, होडीतून पॅरिसला नेऊन पुरलं.

फ्रेडेगुंड पोर आणि खजिना घेऊन पॅरिसच्या मुख्य चर्चमधे शिरली आणि दीर गुंट्रमला निरोप पाठवला, या, राज्य घ्या, माझं लेकरू तुमच्या ओटीत घालते. हुशारी बघा. पुतण्या चिल्डेबर्टही सैन्य घेऊन येत होता, पण काका आधी पोचला.

गुंट्रम हा माझा या सगळ्यातला आवडता माणूस. चौघांतला शेवटचा उरलेला, स्वतःची मुलं सगळी मेलेली, त्यामुळे दोन्ही विधवा आपापल्या पोरासाठी याच्याभोवती. पॅरिसच्या चर्चमधे एका रविवारी हा उभा राहिला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, बायाबापड्यांनो, विनंती आहे, माझ्या भावांना मारलंत तसं मला मारू नका, निदान तीन वर्षं तरी जगू द्या म्हणजे पुतणे मोठे होतील. राजा स्वतःच्या प्रजेला हे सांगतोय. पण भोळा नव्हता. फ्रेडेगुंडच्या बाळाचा बाप्तिस्मा तीनदा पुढे ढकलला गेला तेव्हा याला शंका, की पोर माझ्या भावाचंच ना? फ्रेडेगुंडने तीन बिशप आणि ३०० मोठी माणसं उभी केली, सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की हो, चिल्पेरिकचंच. तिची अब्रू, मुलाचं राज्य, सगळं त्या ३०० शपथांवर. हाच मुलगा दुसरा क्लोथार.

आता ब्रुनहिल्डकडे येऊ. ती परत ऑस्ट्रेशियात गेली तरी मुलगा लहान आणि कारभार सरदारांच्या टोळक्यांच्या हातात. ५८१ मधला एक प्रसंग आहे. तिच्या बाजूचा एक सरदार, लुपस नाव त्याचं, त्याच्यावर उर्सिओ आणि बर्थेफ्रिड हे दोघं सैन्य घेऊन चालून आले. ही बाई पुरुषासारखी कंबर कसून दोन्ही सैन्यांच्या मधे जाऊन उभी राहिली, निरपराध माणसाला मारू नका म्हणून. त्यावर उर्सिओ तिला म्हणतो, बाई बाजूला हो, नवऱ्याच्या जिवावर सत्ता भोगलीस तेवढी पुरे, आता तुझा मुलगा राजा आहे आणि राज्य आमच्या हातात आहे तुझ्या नाही, बाजूला हो नाहीतर आमच्या घोड्यांच्या टापांखाली चिरडशील. ती हलली नाही. लढाई टळली. मला विचाराल तर ब्रुनहिल्डची गोष्ट गाल्स्विंथाच्या बिछान्यापासून सांगण्याऐवजी इथून सांगायला हवी. सहा वर्षांनी या दोघांचा कट उघडकीस आला, उर्सिओ मारला गेला आणि बर्थेफ्रिड व्हर्दूंच्या बिशपच्या प्रार्थनाघरात लपला, तर सैनिकांनी वर चढून छताची कौलं काढून त्याच्या डोक्यात घातली.

त्याच वर्षी तो आंदेलोचा तह, गुंट्रम आणि चिल्डेबर्ट यांच्यात, जो आधी मरेल त्याचं दुसऱ्याला. ५९२ मधे गुंट्रम गेला, बर्गंडी चिल्डेबर्टला. ५९६ मधे चिल्डेबर्टही गेला, पंचविशीच्या आसपास. ५९७ मधे फ्रेडेगुंड. अंथरुणात, आपल्या मरणाने. मुलगा राजा.

म्हणजे वैर संपलं ना? ब्रुनहिल्ड यानंतर सोळा वर्षं जगली आणि तिची सगळ्यात वाईट वर्षं हीच आहेत.

आता नातवंडं. थ्यूडेबर्टला ऑस्ट्रेशिया, थ्यूडेरिकला बर्गंडी, दोघंही लहान आणि आजी पुन्हा एकदा पोरांच्या नावाने राज्य चालवणार. या काळात पोप ग्रेगरी (हा वेगळा, रोमचा) तिला पत्रं लिहितो, इंग्लंडला धर्मप्रसाराला निघालेल्या ऑगस्टिनला मदत कर म्हणून. ऑस्ट्रेशियाच्या सरदारांनी ५९९ मधे तिला हाकललं, ती बर्गंडीला धाकट्या नातवाकडे आली. ६०० मधे दोघा भावांनी मिळून फ्रेडेगुंडच्या क्लोथारला असं झोडपलं की त्याच्याकडे जेमतेम १२ परगणे उरले. तिथे संपवायला हवा होता. पण भाऊ एकमेकांतच भिडले, अल्सास कुणाचं यावरून. आजीने म्हणे धाकट्याला भरवलं की थोरला तुझा भाऊच नाही, माळ्याचा मुलगा आहे. आयरिश संत कोलंबानसशीही तिचं फाटलं, तो थ्यूडेरिकच्या लग्नाबाहेरच्या मुलांना आशीर्वाद देईना, त्याला देशाबाहेर काढलं, आणि त्याच्या चरित्रकाराने मग तिला इझेबेलच (बायबलमधली दुष्ट राणी) करून टाकलं. साधूसंतांशी भांडू नये, पुढे लिहिणारे तेच असतात.

६१२ मधे तूल आणि त्सुल्पिख इथे थ्यूडेबर्ट हरला आणि संपला, त्याच्या लहान मुलाचं डोकं दगडावर आपटून मारलं. ६१३ मधे विजयी थ्यूडेरिक क्लोथारवर निघालेला असतानाच मेत्सला आमांशाने मेला. त्याला चार मुलं. आणि इथे म्हातारीने शंभर वर्षांचा रिवाज मोडला, चार वाटण्या न करता फक्त थोरल्याला, ११-१२ वर्षांच्या सिगिबर्टला, सगळ्याचा राजा केलं. सरळ आहे, चार तुकडे झाले असते तर एकही टिकला नसता. पण सरदारांना तेच नको होतं, एक राजा आणि त्याच्यामागे ही कर लावणारी, हिशोब मागणारी पणजी.

पुढचा प्रकार फ्रेडेगरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत आहे. ब्रुनहिल्डला महालाचा मुख्य कारभारी वार्नाखार याचा संशय आला. तिने त्याच्याबरोबर असलेल्या एका माणसाला गुपचूप पत्र लिहिलं, याला संपव. त्याने वाचून फाडून टाकलं. वार्नाखारच्या नोकराने ते तुकडे गोळा केले आणि मेणाच्या पाटीवर एकेक लावून पुन्हा जुळवले. वार्नाखारने वाचलं. बस. त्या क्षणापासून तो क्लोथारचा. ऑस्ट्रेशियाचे दोन बडे लोक, लांडेनचा पिपिन आणि अर्नुल्फ, यांनी आधीच क्लोथारला बोलावलं होतं. एन नदीपाशी दोन्ही सैन्यं समोरासमोर आली, खूण झाली, आणि पोरगेल्या सिगिबर्टचं सैन्य न लढताच मागे वळून घरी निघालं.

ब्रुनहिल्ड ऑर्ब इथे सापडली. वय सत्तरीच्या आसपास. क्लोथारने तिच्यावर आरोप ठेवला की तू दहा फ्रँक राजांचा जीव घेतलास. त्या यादीत तिचा स्वतःचा नवरा आहे. मेरोव्हेक आहे. आमांशाने मेलेला थ्यूडेरिक आहे. आणि थ्यूडेरिकची मुलं आहेत, ज्यांतली दोन खुद्द क्लोथारने नुकतीच मारवली होती! तीन दिवस छळ केला, उंटावर बसवून सैन्यात फिरवली, मग केस, एक हात आणि एक पाय माजलेल्या घोड्याच्या शेपटीला बांधून घोडा सोडला.

आईचा सूड मुलाने घेतला असं इथे सांगितलं जातं. मला ते यादी बघून पटत नाही. इतक्या जुन्या जुन्या मरणांचा गठ्ठा एका म्हातारीच्या नावावर टाकला की बाकी सगळे स्वच्छ, क्लोथार स्वच्छ, फ्रेडेगुंड स्वच्छ, सिगिबर्टच्या सैन्यातून पाठ फिरवून गेलेले सगळे सरदारही स्वच्छ. सगळ्यांनाच सोयीचं.

बिलं लगेच आली. वार्नाखार बर्गंडीचा मुख्य कारभारी झाला आणि तेही आयुष्यभर काढणार नाही अशा शपथेवर. ६१४ मधे पॅरिसला क्लोथारने हुकूमनामा काढला त्यात एक कलम असं की एका भागातला अधिकारी दुसऱ्या भागात नेमायचा नाही, म्हणजे स्थानिक जमीनदारच स्थानिक अधिकारी होणार. आणि ६२३ मधे ऑस्ट्रेशियाला आपला वेगळा राजा द्यावा लागला म्हणून क्लोथारने मुलगा डागोबर्ट तिकडे पाठवला, पोरगा लहान, कारभार बघायला पिपिन आणि अर्नुल्फ. अर्नुल्फच्या मुलाचं आणि पिपिनच्या मुलीचं पुढे लग्न झालं आणि पुढचा बडा फ्रँक सम्राट शार्लमेन त्यांच्याच वंशातला, पण ते घराणं घ्यायचं तर वेगळी पोस्ट लागेल.